रोज वावरात असतो. मग निसर्गात जायचे म्हणजे नेमके कुठे?

धुरा (वर्धा जिल्हा)

नमस्कार. माझी साडेपाच एकर शेती आहे. तिच्यात कापूस, कापसात तूर आणि उरलेल्या तुकड्यात सोयाबीन असते. यंदा सोयाबीन कापून गंजी लावलेली असतानाच तीन दिवस पाऊस झाला आणि ताडपत्रीखालून ओल शिरून खालचा थर काळा पडला. तेव्हापासून रात्री दोनच्या सुमारास जाग येते, ती पुन्हा डोळा लागू देत नाही. हे रडगाणे गाण्यासाठी धागा काढलेला नाही. पुढचा प्रश्न कळावा म्हणून एवढे सांगितले.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता. धुऱ्यावर (बांधावर) उभा राहून त्याने लांब श्वास घेतला आणि म्हणाला, ‘मामा, तुम्ही नशीबवान. आम्ही आठवडाभराचा ताण घालवायला ताडोब्याची सफारी बुक करतो आणि तुम्ही रोज निसर्गातच राहता.’ मी हसून वेळ मारून नेली, पण त्याचे बोलणे मनातून गेले नाही, कारण त्याला जे दिसत होते ते मला गेल्या कित्येक वर्षांत दिसलेले नाही. वावरात उभा राहिलो की मला हिरवा रंग दिसत नाही. मला लाल्या पडलेले पान दिसते, बोंडाला पडलेले छिद्र दिसते, तुरीचा गळालेला फुलोरा दिसतो आणि रोह्यांनी (नीलगाईंनी) रात्री तुडवलेल्या ओळीत नेमकी किती झाडे गेली याचा हिशेब आपोआप सुरू होतो. ज्या जागेत शहरातला माणूस ताण उतरवायला येतो, त्याच जागेत माझा ताण उगवतो.

आता दुसरी बाजू सांगतो. तालुक्याहून परतताना वाटेत एक नाला लागतो. त्याच्या काठावर अर्जुनाची सात-आठ जुनी झाडे आहेत. एकदा गाडीचे पेट्रोल संपले म्हणून पोरगा बाटली घेऊन येईपर्यंत तिथे बसावे लागले. अर्धा-पाऊण तास झाला असेल. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर एक खंड्या बसला होता. तो सूर मारायचा, बहुतेक वेळा रिकामाच परतायचा आणि पुन्हा त्याच फांदीवर बसायचा. त्याने मासा धरेपर्यंत मी मोजत राहिलो. अकराव्या खेपेला मिळाला. पोरगा आला तेव्हा लक्षात आले की इतका वेळ मला कर्ज आठवले नव्हते. त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा तिथे थांबतो, आणि पेट्रोल असूनही थांबतो. सुरुवातीला चार-पाच वेळा काहीच झाले नाही. तिथेही बँकेचाच विचार करत बसलो होतो. हळूहळू फरक पडला.

माझ्या वावरापासून तो नाला जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. तीच माती, तेच ऊन, तीच बाभळी-बोरी. मग तिथे जे होते ते माझ्या धुऱ्यावर का होत नाही? तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव आहे का? आणि ज्यांचे पोटच निसर्गावर आहे त्यांनी ‘निसर्गात जाऊन या’ हा सल्ला कसा घ्यावा?

परतलेला (वाशीम जिल्हा)

सहा वर्षे पुण्यात संगणकाच्या नोकरीत काढून मी दोन वर्षांपूर्वी गावी परत आलो, म्हणून तुमच्या भाच्याच्या बाजूने दोन शब्द. तिकडे आम्ही शनिवारी पहाटे उठून सिंहगडाच्या पायथ्याला वाहनांच्या रांगेत उभे राहायचो, वर जाऊन फोटो काढायचो, पिठले-भाकरी खायचो आणि पुन्हा रांगेतून खाली यायचो. कोण किती मिनिटांत चढला हे घड्याळ सांगायचे. आता वळून पाहतो तेव्हा वाटते की ऑफिसातले काम संपवून आम्ही डोंगरावर दुसरे काम उरकायला जात होतो. तेव्हा, भाऊ, ही अडचण फक्त कास्तकाराची आहे असे नाही. इथे आल्यावर मी कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याकडे अधूनमधून जातो. गवत आहे, लांबवर हरणे उभी असतात आणि करण्यासारखे काहीही नसते. तेच बरे वाटते.

बोडीकाठ (गोंदिया जिल्हा)

धुरा भाऊ, तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा हसू आले आणि मग बराच वेळ विचार करत बसले. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यात आशा म्हणून काम करते. नवेगाव बांध आमच्या शेजारी आहे, आणि आमच्या गावालाही आपला एक तलाव आहे, पूर्वीच्या मालगुजारीतला. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी या भागात तलाव बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा पाणी, जंगल, पक्षी यांची आम्हाला वाण नाही. पण तुम्ही नाल्याकाठी अर्धा तास ‘नुसते बसलो’ असे लिहिले, तिथे माझे मन अडकले. आमच्या गावातली बाई नुसती बसू शकत नाही.

तुम्हाला मोहाच्या दिवसांचे सांगते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे साडेतीन-चारला बायका घरून निघतात. अंधारात झाडाखाली पोहोचायचे आणि उजाडेपर्यंत वाकून फुले वेचायची. कंबर मोडते, पाय काट्यांनी फाटतात. तरीही आमच्या गावातल्या कोणत्याही बाईला विचारा, वर्षातले आवडते दिवस कोणते. दहातल्या सात जणी मोहाचेच सांगतील. तेवढे तीन तास घरातले कोणी हाक मारत नाही. फुले टपटप पडत असतात, सगळ्या रानाला तो गोड जड वास असतो, आणि चार जणी एकमेकींना त्या गोष्टी सांगतात ज्या घराच्या भिंतीआड बोलता येत नाहीत. कोणाचा नवरा दारू पिऊन काय करतो, कोणाच्या पोरीचे कुठे जमत नाही, कोणाला पाळी येऊन महिना झाला तरी रक्त थांबत नाही. आशा म्हणून मला घरोघर फिरून जे कळत नाही ते मोहाच्या झाडाखाली कळते.

पण हे सगळे डोक्यावर टोपली असते म्हणून चालते. टोपली हा आमचा परवाना आहे. टोपली, विळा किंवा धुण्याचे गाठोडे घेऊन बाई रानात, बांधावर, नदीवर कुठेही जाऊ शकते. तीच बाई रिकाम्या हातांनी संध्याकाळी तलावाच्या पाळीवर दिसली तर पहिला भेटणारा माणूस विचारतो, ‘इकडे कुठं?’ आणि दुसरा माणूस तिच्या नवऱ्याला विचारतो. म्हणून तुमच्या प्रश्नात माझी भर एवढीच की निसर्ग कुठे आहे हे आम्हाला ठाऊक आहे. तिथे काम नसताना जाण्याचे कारण काय सांगायचे, तेवढे कोणी सांगावे.

रिकामी बंडी (यवतमाळ जिल्हा)

वरचे सगळे वाचले. लेखन चांगले आहे, पण मला ते पटत नाही आणि ते स्पष्ट लिहिले पाहिजे.

आमच्या जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते सगळे निसर्गातच उभे होते. मोकळ्या हवेत, उंच हिरव्या पऱ्हाटीत, पक्ष्यांच्या आवाजात. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने पीक खाल्ले. शहरातल्या माणसाचा ताण हा त्याच्या डोक्यातला असतो, म्हणून झाड पाहिले की तो उतरत असेल. माझा ताण सातबाऱ्यावर चढलेला आहे. अर्जुनाच्या झाडाखाली बसून तो बोजा उतरत नाही. उलट मला अशी भीती वाटते की उद्या कोणीतरी शिबिर घेईल, आम्हाला गोल बसवून श्वास घ्यायला लावेल, आणि भावाचा, विम्याचा, विजेचा प्रश्न बाजूला राहील. मला झोप लागत नाही ती निसर्गापासून दूर गेलो म्हणून नव्हे. तीन वर्षांपासून जमाखर्चाचा मेळ बसत नाही म्हणून लागत नाही, आणि आता तर बसेल अशी आशाही वाटत नाही.

गावचा दवाखाना (यवतमाळ जिल्हा)

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. या विषयावर जे अभ्यास झाले आहेत त्यांपैकी तीन इथे सांगण्याजोगे आहेत, कारण धुरा भाऊंच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत बऱ्याच अंशी सापडते. पण त्यांच्या मर्यादाही सांगेन.

रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, लिंग वगैरे जुळवून त्याने २३ जोड्या लावल्या. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे, हे लक्षात ठेवावे. पण आमच्या केंद्रात सहा खाटा आहेत आणि एका खिडकीतून कडुनिंब दिसतो. रिकामी असेल तर ती खाट प्रत्येक रुग्ण आधी मागतो. त्यात वाऱ्याचाही भाग असेल.

दुसरा अभ्यास २०१९ सालचा, इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला. आठवड्यात एकूण १२० मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले; तो वेळ एकदम घालवला की थोडा थोडा, याने फरक पडला नाही. मात्र त्यातून दोन गोष्टींचा संबंध दिसतो, एकामुळे दुसरी घडते असे सिद्ध होत नाही. ज्यांची प्रकृती आधीच बरी आहे तेच जास्त फिरत असतील, अशीही शक्यता राहते.

धुरा भाऊंसाठी महत्त्वाचा आहे तो रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ साली सविस्तर मांडलेला विचार. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की लक्ष दोन प्रकारचे असते. एक आपण जोर लावून कामावर खिळवतो आणि ते थकते. थकले की चिडचिड, विसरभोळेपणा, चुका सुरू होतात. दुसरे आपोआप ओढले जाते, जसे पाण्याच्या हालचालीकडे, पानांच्या सळसळीकडे, ढगांकडे. हे दुसरे चालू असते तेवढ्या वेळात पहिल्याला विसावा मिळतो. आणि यासाठी एक अट त्यांनी सांगितली: रोजच्या कामापासून आणि चिंतांपासून सुटल्याची भावना त्या जागेत हवी. तुमच्या कपाशीत तुमचे लक्ष पहिल्या प्रकारचे असते, कारण तिथे प्रत्येक पान तुमच्याकडे काहीतरी मागत असते. खंड्या तुमच्याकडे काही मागत नव्हता. दोन किलोमीटरचा फरक तो एवढाच असावा.

आता सावधगिरीचे. पावसाळ्यात आणि त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत उंच गवतात उघड्या अंगाने बसू नका, लोळू नका. २०१८ साली नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातल्या अगदी बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून तो होतो. ताप आणि अंगावर कुठे तरी काळी खपली दिसली तर लगेच दवाखान्यात यावे, वेळेवर ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो. घोणस आणि मण्यार यांच्याबद्दल तुम्हा मंडळींना मी काय सांगणार!

रिकामी बंडी भाऊ, तुमच्याशी माझा वाद नाही. झाडे कर्ज फेडत नाहीत आणि त्यांनी फेडावे असे कोणी म्हणूही नये. पण तुमच्या शेवटच्या वाक्याने मला थांबवले. झोप जाणे, भूक जाणे, पूर्वी आवडायचे ते नकोसे होणे आणि पुढे काही बरे होईल ही आशा सुटणे, हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो आजार असू शकतो, त्याला उपचार आहेत, आणि अशा वेळी नाल्याकाठी बसणे हा उपचाराला पर्याय नाही. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य चालतो, मराठीत बोलता येते. तुम्हाला वेगळा निरोपही पाठवतो आहे. कृपया उत्तर द्या.

जुना फळा (चंद्रपूर जिल्हा)

मी निवृत्त शिक्षक. माझे गाव ताडोब्याच्या बफर क्षेत्राला लागून आहे, त्यामुळे ‘जंगलात जा, मन शांत होईल’ हे वाक्य ऐकले की आमच्याकडची माणसे एकमेकांकडे पाहतात. आमच्या भागात मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, सरपणाला किंवा गुरे घेऊन गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मरण पावली आहेत, आणि दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. बोडीकाठ ताईंनी मोहाच्या पहाटेचे जे वर्णन केले ते आमच्या बायकांचेही होते. आता त्या उजाडल्याशिवाय निघत नाहीत, घोळक्याने जातात, एक जण उभी राहून राखण करते आणि बाकीच्या वाकतात. वाकलेला माणूस वाघाला चार पायांचे जनावर वाटतो, असे आमच्याकडचे जाणते सांगतात. अशा ठिकाणी मन मोकळे करायला जागा कुठे राहते? त्याच रस्त्याने पर्यटकांच्या जिप्सी जातात आणि वाघ दिसला म्हणून त्यांतली माणसे आनंदाने थरथरत असतात. मी त्यांना दोष देत नाही. ते गाडीत आहेत आणि आम्ही पायी, एवढेच.

तरीही मी जंगलाविरुद्ध बोलणार नाही. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, पण हे नाव त्याच्या कितीतरी आधीचे आहे. आमच्याकडची कथा अशी की तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना पडला आणि लोकांनी त्याला देव मानले. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात तिथे यात्रा भरते. ज्या रानाचा देवच वाघासमोर पडलेला माणूस आहे, त्या रानात आमचे पूर्वज सुट्टी घालवायला जात नव्हते. ते हात जोडून, परवानगी मागून आणि काम संपले की मागे न रेंगाळता परत येत होते. गोंड घरांतली म्हातारी माणसे आजही पहिले फळ, पहिले फूल देवाला दाखवल्यावाचून खात नाहीत. निसर्गाशी असलेले हे नाते मला शांततेपेक्षा अदबीचे वाटते, आणि त्या अदबीतही एक प्रकारचा निवांतपणा असतो. तो मला शब्दांत नीट मांडता येत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर मी जंगलात जातच नाही. माझ्या शाळेत आम्ही पोरांकडून झाडे लावून घेतली होती. उन्हाळ्यात प्रत्येक पोराने घरून तांब्याभर पाणी आणून आपापल्या झाडाला घालायचे, असा नियम होता. त्यांतली निम्मी मेली. जगली त्यांत चार कडुनिंब, दोन करंज आणि एक चिंच आहे. आता दुपारी पारा सत्तेचाळीसच्या वर जातो तेव्हा त्या चिंचेखाली शाळेच्या कुंपणाला टेकून मी बसतो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरचे ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांना सावली हा किती मोठा निसर्ग आहे ते सांगावे लागणार नाही. ज्या पोराने ती चिंच जगवली तो आता ट्रक चालवतो. गावी आला की गाडी थांबवून झाडाला हात लावून जातो, माझ्याशी मात्र फारसे बोलत नाही.

धुरा भाऊ, आपण आपला निसर्ग फार दूर शोधू नये असे मला वाटते. पण तो आपल्या पिकाच्या ओळीतही शोधू नये, हे डॉक्टरांचे म्हणणे मला पटले.

जागल (नागपूर जिल्हा)

रामटेक तालुक्यातून लिहितो आहे. माझा अनुभव उलट आहे, म्हणून नोंदवतो. मला विसावा माझ्याच वावरात मिळतो, फक्त रात्री.

रानडुकरांमुळे तुरीला आणि हरभऱ्याला जागल करावी लागते. झटका मशीन लावली आहे, तरी माणूस लागतोच. मचाणावर घोंगडे पांघरून बसलो की खालचे पीक दिसत नाही, म्हणून त्याची चिंताही अर्धी होते. जे दिसते ते आकाश. या दिवसांत नऊच्या सुमारास पूर्वेला मृग वर येतो, कृत्तिकांचा पुंजका डोक्यावर चढत असतो, आणि मध्यरात्रीनंतर मृगातला बाण नीट समोर दिसतो. वडिलांना घड्याळ नव्हते. ते नक्षत्रे पाहून मोटेला बैल जुंपायचे. मी ती नक्षत्रे त्यांच्याकडूनच शिकलो. मधून मधून डबा वाजवायचा, हाळी द्यायची आणि पुन्हा वर पाहायचे.

आमच्या शेजारच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, भारतातले असे पहिले. अंधार राखण्यासाठी आसपासच्या काही गावांतले रस्त्यांवरचे दिवे बदलून त्यांचा उजेड खाली पडेल असा केला. हे कळले तेव्हा मला आधी गंमत वाटली. ज्या अंधाराला आम्ही मागासलेपण समजत होतो तो पाहायला आता लोक दुर्बिणी घेऊन येतात. मात्र जागलीची रोमँटिक कल्पना कोणी करू नये; सलग आठ रात्री जागलेला माणूस दिवसा बांधावर पडतो, आणि थंडीने जे छातीत भरते ते वेगळेच. मी पुतण्याबरोबर रात्री वाटून घेतल्या तेव्हापासून मला आकाश दिसू लागले. त्याआधी मलाही फक्त डुक्कर दिसत होते.

धुरा (वर्धा जिल्हा)

सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेबांनी लक्षाच्या दोन प्रकारांबद्दल लिहिले त्यानंतर मी एक प्रयोग करून पाहिला. आमच्या पांदणीच्या पलीकडे दुसऱ्याचे वावर आहे, त्यातही कपाशीच आहे. तिथल्या धुऱ्यावर वीस मिनिटे बसलो. कपाशी माझ्यापेक्षा बरी निघाली. त्यामुळे मन शांत झाले नाही, ते कशाने भरले हे सांगायला नको. तेव्हा ‘आपली जागा नको’ एवढे पुरत नाही. पीकच नको, असे माझे मत झाले आहे. पुन्हा नाल्यावर जातो.

जागल भाऊंचा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा वाटला. काम कोणाशी तरी वाटले गेले तेव्हा आकाश दिसू लागले. माझ्या पोराला मी गंजीची, बँकेची कोणतीच गोष्ट सांगितलेली नव्हती. त्या दिवशी पेट्रोल घेऊन आला तेव्हा सांगितले असते तर बरे झाले असते. परवा सांगितले.

बोडीकाठ ताई, तुमच्या टोपलीने मला गप्प केले. घरी वाचून दाखवले. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘तुम्ही नाल्यावर बसता तेव्हा मी म्हशीला पाणी दाखवते.’ पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांना सोबत येण्याविषयी विचारले, तर धार काढण्याची वेळ कोण सांभाळेल असा उलट प्रश्न आला. या आठवड्यात एकदा मी धार काढली आणि त्या गेल्या. दूध कमी निघाले.

बोडीकाठ (गोंदिया जिल्हा)

धुरा भाऊ, म्हशीला हात ओळखीचा लागतो. चार दिवसांत सवय होईल, सोडू नका.

इथली बातमी सांगते. धान कापून झाले, भारे अजून बांध्यांतच आहेत, तेव्हा दुपारी थोडी सवड मिळते. बचत गटाची बैठक दर महिन्याला कोणाच्या तरी ओसरीवर होते, ती या वेळी तलावाच्या पाळीवर घेतली. रजिस्टर सोबत होते, म्हणून विचारणाऱ्याला दाखवायला कारण होते. टोपलीऐवजी रजिस्टर, एवढाच फरक. पंधरा मिनिटांत हप्त्यांचा हिशेब झाला आणि मग अकरा जणी तासभर तिथेच बसलो. थंडीची बदके उतरली आहेत, मधोमध चक्रवाकाची एक भगवी जोडी होती. ढीवराचा एक डोंगा जाळे टाकत फिरत होता, तो जवळ आला की बदके उठून पलीकडे जाऊन बसत. कोणी फारसे बोलले नाही. एक जण चक्क झोपली, तिला घरी झोपच मिळत नाही. दोघींना ‘हे काय खूळ’ असे वाटले आणि त्या उठून गेल्या. एका म्हाताऱ्याने सायकल थांबवून विचारलेच, ‘इकडे कुठं?’ आमच्या अध्यक्षबाईंनी रजिस्टर वर करून दाखवले.

रजिस्टर नसताना जायचे धाडस अजून झालेले नाही.

रिकामी बंडी (यवतमाळ जिल्हा)

डॉक्टरांचा निरोप मिळाला, दोनदा बोलणेही झाले. पुढच्या मंगळवारी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणार आहे, मोठा भाऊ सोबत येतो आहे. झाडांबद्दलचे माझे मत बदललेले नाही. नंबर लिहून ठेवला आहे.

धुरा (वर्धा जिल्हा)

भाऊ, मत बदलू नका, इथे त्याची गरज आहे. आमच्याकडे या आठवड्यात कृषिपंपाची वीज रात्री साडेबाराला येते, त्यामुळे तुरीला पाणी द्यायला मी पहाटेपर्यंत विहिरीवरच असतो. तुमच्याकडे रात्रीची पाळी कधी आहे? जागेच असाल तर फोन करा.

रिकामी बंडी (यवतमाळ जिल्हा)

बुधवारपासून. करतो.